एकदाही चिखल न पाहिलेली गाडी

"गाडी रोज ऑफिसला जायला हवी आहे की डोंगर चढायला?" बायकोने विचारलं.

"दोन्हीला," ऑडिटरसाहेब म्हणाले. "सोमवार ते शुक्रवार ऑफिस. शनिवार-रविवार डोंगर."

"शनिवार-रविवार तुम्ही जेवून झोपता."

"गाडी नाही म्हणून झोपतो!"

हे अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या जुन्या छोट्या गाडीने गेल्या आठवड्यात भर चौकात राम म्हटला होता. आता घ्यायची ती वापरलेलीच, पण मोठी, उंच आणि दणकट, असं साहेबांनी मनाशी पक्कं केलं होतं. ऑफिसात डबा खाताना ते नदी-नाले तुडवत जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचे. स्वतः मात्र ते डांबर सोडून एकदाच गेले होते. एका लग्नात पार्किंग भरलं होतं, तेव्हा त्यांना गाडी हिरवळीवर लावायला सांगितली होती. तो प्रसंग ते अजून रंगवून सांगत.

बायको फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे सोडवायचे, हे तिचं काम. तिच्या एका पेशंट काकू मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या आणि त्यांची गाडी विकायची होती. पांढरी, मऊ सीटची, गिअर आपोआप बदलणारी, मागे घेताना पडद्यावर रस्ता दाखवणारी. दिसायला उंचपुरी, स्वभावाने गरीब.

"चिखल दिसला तर घेरी येईल तिला," साहेब म्हणाले.

"येऊ दे. मला रोज ती दवाखान्याच्या बोळात घालायची आहे. काकूंकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय, त्यांना आज संध्याकाळी उत्तर हवंय. तोवर तुमची ती डोंगरवाली पसंत पडली तर ठीक. नाहीतर मी काकूंना हो म्हणून मोकळी होणार."

एका संध्याकाळवर दोन वर्षांचं स्वप्न येऊन ठेपलं होतं. साहेबांनी घाईघाईत बूट चढवले आणि रिक्षाने दोघं डोंगरवाल्या गाडीच्या मालकाकडे पोचले.

मालक निवृत्त ग्रंथपाल होते. दार त्यांच्या बायकोने उघडलं. "आलात? न्या बाई एकदाची," असं म्हणून त्या पायरीवरच उभ्या राहिल्या. अंगणात गाडी झाकलेली होती. ग्रंथपालकाकांनी वरचं आवरण काढलं, तर खाली चादर निघाली. चादर काढली, तर आत गर्द हिरवी गाडी, आणि तिच्या सीटवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक अजून तसंच. काका हे सगळं झोपलेलं बाळ उघडावं तसं करत होते. जन्म वाचनालयात लोकांना गप्प करण्यात गेल्यामुळे ते घरीही कुजबुजतच बोलत.

"एकदाही मातीत गेलेली नाही," ते अभिमानाने कुजबुजले.

दुसरं कुणीही हे ऐकून हरखलं असतं. साहेबांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासल्यामुळे, न वापरलेली वस्तू म्हणजे सिद्ध न झालेला दावा, असं त्यांचं मत बनलं होतं.

"मग चारही चाकांना जोर मिळतो हे कशावरून?"

"कंपनीने लिहिलंय."

"लिहिलेलंच तर तपासतो हो मी! हा दांडा कधी टाकून बघितलात?" गिअरच्या शेजारी चारही चाकांना जोर देणारा एक आखूड दांडा होता आणि त्याला कापडी पिशवी लटकत होती.

"रोज वापरतो की," काका म्हणाले. "भाजीची पिशवी छान अडकते."

"निवृत्त झालो की रानावनात भटकू म्हणून घेतली," पायरीवरून ग्रंथपालकाकू म्हणाल्या. "भटकंती कुठली, तर भाजीबाजारापर्यंत!"

चक्कर मारायला तिघं निघाले. साहेब चालवायला, बायको शेजारी, काका मागे. वळण आलं की काका प्लॅस्टिकवरून घसरत आणि तेवढाच काय तो आवाज होई. गावाबाहेर तळ्याजवळ साहेबांनी गाडी थांबवली. तळ्यातून उपसलेला गाळ तिथे पसरला होता. वरून वाळलेला, सपाट, एकदम निरागस.

"रस्ता इकडे आहे," काका कुजबुजले.

"तेच तर," साहेब म्हणाले.

"अहो, नको!" बायको म्हणाली. तोवर गाडी खाली उतरली होती.

पहिला थोडा वेळ साहेब स्वर्गात होते. मग वरची खपली फुटली आणि गाडी पोटापर्यंत बसली. त्यांनी जोरात ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं जागच्या जागी गरगरली, गाळाचं कारंजं उडालं, काच काळी झाली आणि काय झालं ते बघायला खिडकीबाहेर डोकावलेल्या बायकोच्या गालावर एक लपका येऊन बसला. काकांनी मागे डोळे मिटून घेतले.

"काही नाही, काही नाही. आता दांडा टाकायचा," असं म्हणत साहेबांनी दांडा ओढला. दांडा ढिम्म. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. मग एक पाय पुढे रोवून ओढला. काकांनी मागून स्वच्छ रुमाल पुढे केला. "ओरखडे नका पाडू," ते म्हणाले.

"सरका बरं," बायको म्हणाली. "असं हिसडून कधी सांधा सुटतो का?"

तिने पिशवी काढून मांडीवर घेतली, दांड्यावर तळवा ठेवला आणि त्याला अगदी थोडासा पुढे, थोडासा मागे झुलवायला सुरुवात केली. "घाई नाही. इथपर्यंतच. आता सैल सोडा. छान. परत एकदा."

"तू कुणाशी बोलतेयस?"

"तुम्ही मध्ये बोलू नका. इतकी वर्षं हलवलेलाच नाही, आखडणार नाही तर काय होईल?"

कट्ट असा आवाज झाला आणि दांडा बसला. साहेबांनी हलकेच ॲक्सिलरेटर दाबला. गाडी गुरगुरली, थरथरली आणि डबक्यातून म्हैस उठावी तशी सावकाश उठून कडेच्या कोरड्या जमिनीवर आली.

काकांच्या चष्म्याची एक काच गाळाने भरली होती. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, आतून-बाहेरून धुऊन देतो. पॉलिश करून देतो. चुकलंच माझं..."

"परत," काका म्हणाले.

"काय?"

"परत!" काका ओरडले. आयुष्यभर दाबून ठेवलेला आवाज होता तो. तळ्यावरचे बगळे उडाले. काका खाली उतरले, त्यांनी साहेबांना हाताला धरून बाहेर काढलं आणि स्वतः चालवायला बसले.

मागच्या सीटवर काय होतं ते व्हिडिओत कधी दाखवत नाहीत. साहेब प्लॅस्टिकवरून या दारापासून त्या दारापर्यंत गेले, तिथून परत आले. डोकं छताला लागलं. पोट गळ्याशी आलं. दोन्ही हातांनी सीट कवटाळून ते मनातल्या मनात एकेका देवाचं नाव घेऊ लागले. पुढून बायकोच्या किंकाळ्या येत होत्या. बिचारी घाबरली असेल, असं त्यांना वाटलं. मग शब्द कानावर पडले.

"काका, डावीकडून! तो उंचवटा सोडू नका! अजून जोरात!"

दिवस कलताना गाडी काकांच्या दारात आली तेव्हा तिचा रंग कोणता, हे सांगणं कठीण होतं. काकू पायरीवरून उठल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"ठरलं का?"

"विकायची नाही," काका खणखणीत आवाजात म्हणाले.

"अहो, पण..." साहेब म्हणाले.

"माफ करा. पण चूक तुमचीच आहे," काका आनंदाने म्हणाले.

काकू कमरेवर हात ठेवून साहेबांसमोर आल्या. आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून साहेबांनी मान खाली घातली. पण काकू वळल्या त्या नवऱ्याकडे.

"इतकी वर्षं झाकून ठेवलीत, आणि आज काढलीत ती मला न घेता?" त्यांनी घराला कुलूप लावलं, पदर खोचला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "चला. कुठे गेला होतात ते दाखवा."

गाडी निघून गेली. साहेब आणि बायको रस्त्यावर उरले. रिक्षा दिसेना, म्हणून दोघं चालायला लागले.

स्वप्न भंगलं होतं आणि साहेबांना हलकं हलकं वाटत होतं. डोक्याला टेंगूळ आलं होतं, पोटात अजून ढवळत होतं आणि डोळ्यांसमोर पेशंट काकूंची ती मऊ, शहाणी, पांढरी गाडी तरळत होती. हरल्यासारखं न दाखवता तिच्यापर्यंत कसं पोचायचं, एवढाच प्रश्न होता.

त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "जाऊ दे. कर तुझ्या काकूंना फोन. तुझ्यासाठी एवढा त्याग मी करू शकतो."

बायकोने फोन लावला. "काकू, मी बोलतेय. तुमची गाडी त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाका. हो, नक्की. छानच आहे हो, पण आम्हाला चारही चाकांना जोर असलेलीच हवी आहे."

साहेब जागच्या जागी थांबले.

"तुमचंच खरं होतं," ती फोन पर्समध्ये टाकत म्हणाली. "मी उगीच अडवत होते तुम्हाला. रोज सकाळपासून 'दुखतंय, दुखतंय' एवढंच ऐकते हो मी. आज किती दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले! रविवारी दुसरी बघायला जाऊ. आणि ती मी चालवणार, तुम्ही निवांत मागे बसा. हवी आहे ना तुम्हाला अजून?"

तिच्या गालावर गाळ वाळून पांढरा झाला होता आणि डोळे लुकलुकत होते. तिला इतकं खूश त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं आणि ते बघून त्यांचा जीव भरून आला. न पटलेल्या कागदावर त्यांनी आजवर कधी सही केली नव्हती.

"हवी म्हणजे काय," ते म्हणाले, "आता तिच्याशिवाय चैन पडायचं नाही मला."

बायकोने त्यांचा दंड धरला आणि ती भराभरा चालायला लागली. मळमळ वाढू नये म्हणून साहेब बेताबेताने पावलं टाकत तिच्याबरोबर निघाले.