नर्सबाईंचा चुकलेला डोस

आमच्या देऊळघाटात विमलताई भेटल्या की 'जय भीम'च्या आधी विचारायच्या, "डोस चुकवला तं नाही ना बे?" जन्मभर सरकारी नर्स. त्या रिटायर झाल्या, पण गावाची सुटका झाली नाही.

एका लग्नात नवरदेव हार घालायला पुढे झाला, तेवढ्यात मांडवातून आवाज आला, "थांब बे! कुत्रं चावलं होतं नं तुले? शेवटचं इंजेक्शन घेतलं का?" नवरीकडच्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. नवरदेवाच्या आईनं शपथ घेतली, तेव्हा कुठे हार पडले.

मी त्यांचा शेजारी. माझी बीपीची गोळी त्या भिंतीवरून हाका मारून गिळायला लावत. "घेतली" म्हटलं तर म्हणत, "जीभ दाखव."

त्यांची स्वतःची हाडं ठिसूळ. दर सहा महिन्यांनी त्या नणंदेबरोबर, शांताबाईंबरोबर, इंजेक्शन घ्यायला बुलढाण्याला जायच्या. दोघींचं दुखणं एक, तारीखही एक. सुई टोचून झाली की स्टँडवर कचोरी खायची आणि भांडत परत यायचं. मागच्या वर्षी शांताबाई वारल्या. मग विमलताई सांगू लागल्या, "माहे हाडं आता पक्के झाले. काही गरज नाही इंजेक्शनची." खुद्द नर्सबाईच म्हणतात, मग विचारणार कोण?

परवा अंथरुणाची घडी करायला वाकल्या त्या उठल्याच नाहीत. पाठीचे तीन मणके दबले. मी त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "हे इंजेक्शन असं मनानं बंद करतात का? मध्येच सोडलं की हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. थांबवायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध सुरू करावं लागतं."

मलाही राग आला. अख्ख्या गावाला धाकात ठेवलं आणि स्वतः हे असं? "तुमाले तं सगळं मालूम होतं. मंग काऊन सोडलं हो?"

त्यांनी नजर छताकडे वळवली. "दोघी जात होतो ना. दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर एकटीनं बसवलं नसतं. तुले म्हणलं होतं एकडाव, संगं चाल म्हणून."

म्हणाल्या होत्या. मी 'पुढच्या आठवड्यात पाहू' म्हणालो आणि विसरलो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

लाज वाटून मी त्यांची उशी सारखी करू लागलो.

"राहू दे बाप्पा," त्या म्हणाल्या. "तू कामात होता."

मी कामात नव्हतो.