चौदावीचं माहेर

भाऊबीजेला माहेरी गेलेलं चौदावं होल तुळशीची लग्नं लागून गेली तरी करंजखिंडीच्या गोल्फ मैदानावर परत आलं नव्हतं.

होल म्हणजे नुसता चेंडू पडायचा खड्डा नव्हे. पहिला टोला जिथून मारायचा तिथपासून झेंड्यापर्यंतची सगळी हिरवळ मिळून एक होल होतं, आणि मैदानाला अशी अठरा लागतात. ज्या साहेबाने करंजखिंडीचं मैदान आखलं त्याची सतरा सहज जमली. चौदाव्याच्या जागी मात्र कातळ होता आणि त्यावर काही केल्या गवत धरेना. शेवटी खालच्या कुसवडे गावात, शेडग्यांच्या कुरणात, एक देखणी उतरती हिरवळ होती, तिला रीतसर मागणी घालून आणलं. हळद लागली, वरातीपुढे ताशा वाजला. तेव्हापासून सगळे तिला चौदावी म्हणतात. दर दिवाळीला ती माहेरी जायची आणि चार दिवस राहून हसतमुखाने परतायची. तेवढे दिवस कातळ उघडा पडे आणि लोक तेरावं संपवून थेट पंधराव्याकडे चालू लागत.

यंदा मात्र क्लबचे सेक्रेटरी अनंतराव पोतनीस यांचं जेवणात लक्ष नव्हतं. राज्य अजिंक्यपद स्पर्धा करंजखिंडीला व्हावी म्हणून त्यांनी उभी नोकरी खर्ची घातली होती. स्पर्धा मिळाली ती थेट निवृत्तीच्या वर्षी. शनिवारी पंच मैदान बघायला येणार होते आणि एक जरी होल कमी भरलं तरी स्पर्धा दुसरीकडे जाणार होती.

त्यांनी कुसवड्याला मोटार पाठवली. मोटार रिकामी परत आली. ड्रायव्हर म्हणाला, शेडग्यांनी चहा पाजला, चिवडा दिला आणि घरचं मोठं माणूस का आलं नाही म्हणून विचारलं.

“रुसलेल्या सुनेला कुणी मोटार पाठवून बोलावतं का?” पोतनिसांच्या पत्नी विमलताई म्हणाल्या. शुक्रवारी त्यांनी खण, नारळ आणि तांदूळ पिशवीत घातले आणि नवऱ्याला पुढे घालून निघाल्या.

चौदावी कुरणात ऐसपैस पसरली होती. तिच्या हिरवळीवर दोन म्हशी रवंथ करत बसल्या होत्या. वारा चांगला होता, पण तिचा झेंडा काठीला चिकटून होता. कौसाबाई शेडगे पदर खोचून पुढे आल्या.

“या व्याही. आठवण झाली म्हणायची.”

पोतनिसांनी स्पर्धेचं सांगितलं आणि तिला पाठवा म्हणून हात जोडले.

“आम्ही कुठं धरून ठेवलीय? पर तुमच्या लोकांनी पावसाळ्याआधी तिच्या मधोमध वाळूचा खड्डा खणला. आम्हांला न्हाई इचारलं. तिला तर न्हाईच.”

खड्डा खणायचं पोतनिसांनीच ठरवलं होतं. वाळू असल्याशिवाय मोठे खेळाडू कसे दोन-तीन टोल्यांत मोकळे होतात आणि मग त्या होलला कसे हसतात, ते त्यांनी बराच वेळ समजावलं. कौसाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“हे तिला सांगितलं व्हतं का?”

“नाही.”

“मग सांगा की. ती काय बहिरी हाय?”

पोतनिसांनी बूट काढले, गवतावर गेले आणि उकिडवे बसले.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “वाळू तुझ्या मानासाठी होती, पण कुठं हवी ते तू ठरव. नकोच असेल तर उद्या सकाळी बुजवतो. मग स्पर्धा गेली तरी चालेल.”

विमलताईंनी झेंड्यापाशी बसून ओटी भरली. झेंड्याचं एक टोक हललं. मग म्हशी उठल्या.

रुसवा काढून निघालेल्या लेकीला एकटं पाठवायचं नाही, असा शेडग्यांचा रिवाज होता. तो ते कुणासाठी मोडत नसत. संध्याकाळी घाटात एसटीच्या ड्रायव्हरने वर चाललेल्या दोन हिरवळींना बाजू दिली.

शनिवारी सकाळी कातळ झाकला गेला होता. वाळूचा खड्डा मधून उठून थेट झेंड्याच्या तोंडाशी बसला होता. तिथे तो खणायची हिंमत कुठल्याच कमिटीला झाली नसती. आणि चौदावीला बिलगून अंगणाएवढं एक धाकटं होल पहुडलं होतं. त्याचा झेंडा परकराच्या कापडाचा होता.

पंच कर्नल दिघ्यांनी सगळं मैदान पायी पाहिलं आणि ते तिथे थांबले.

“पोतनीस, ही एकोणीस झाली. नियमात अठराच बसतात.”

“ही पाठराखीण म्हणून आलीय,” पोतनीस म्हणाले. “पाहुणीकडून आम्ही काम करून घेत नाही.”

कर्नलनी विचार केला. “किती दिवस आहे?”

“करमेल तोवर.”

“बरोबर आहे,” कर्नल म्हणाले आणि पंधराव्याकडे वळले.

पुढच्या रविवारी स्पर्धा झाली. गतवर्षीचा विजेता चौदावीच्या वाळूत असा अडकला की बाहेर आल्यावर त्याने तिला वाकून नमस्कार केला. एका खेळाडूचा चेंडू चुकून धाकटीच्या अंगणात गेला. त्याने टोपी काढली, विचारून चेंडू उचलला आणि खिशातलं चॉकलेट तिच्या झेंड्यापाशी ठेवलं. संध्याकाळी पोतनीस फेरी मारायला आले तेव्हा तिथे नुसता कागद उरला होता. तो त्यांनी उचलला आणि खिशात टाकला.