परसातली खोली मोकळी होते

मिस्त्रींना खोली सोडायला सांगायचं, हे काकांनी दात घासतानाच पक्कं केलं होतं. चहा होईपर्यंत तो निर्धार टिकला. चहानंतर परसातल्या त्या खोलीचं उघडं दार दिसलं आणि काकांचे पाय पायपुसण्यालाच चिकटले.

खरं तर खोली काकांची. जागा त्यांची, भिंती त्यांच्या, वरचे पत्रेही त्यांचे. मिस्त्री आले होते घराच्या मागच्या भिंतीला गिलावा करायला. रोज थापी-ओळंबा कुठे वाहायचा, म्हणून अवजारं या खोलीत ठेवली. अवजारांवर लक्ष ठेवायला खाट आली, खाटेमागून स्टोव्ह आला, आणि गिलावा वाळून त्यावर रंग चढला तरी मिस्त्री तिथेच. तसा माणूस लाखात एक. काकूंचा गळका नळ असो की शेजारणीचा फुटका उंबरठा, न सांगता दुरुस्त करून टाकायचा. त्यामुळे काकू पूर्णपणे त्याच्या बाजूच्या.

काकांना खोली हवी होती ती व्हायोलिनसाठी. निवृत्त झालो की शिकायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं मनात जपलेलं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सकाळी त्यांनी तारांवरून गज ओढला आणि काकू पोळी तव्यावर टाकून धावत आल्या. "अहो, कोणाला लागलं?" त्या दिवसापासून घरात व्हायोलिनला बंदी झाली. काकांना त्याचं फार वाईट वाटलं होतं.

पण समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, चौकशीच्या खिडकीमागे गेलेली. तिथे त्यांनी एकच विद्या कमावली. माणसाला नकार द्यायचा नाही, कारण द्यायचं; आणि ते असं, की त्यावर भांडता येऊ नये. साहेब दौऱ्यावर आहेत. यंत्र बंद पडलंय. माणूस हळहळतो आणि वर आभार मानून परत जातो.

"मिस्त्री, जरा वाईट बातमी आहे," काका शेवटी दारात जाऊन म्हणाले.

"का? काकू बऱ्या आहेत ना?"

"तिला काय धाड भरलीय! ही खोली पाडायचीय."

"पाडायची? काका, दोन पिढ्या हलायची नाही ही."

"मलाही तसंच वाटत होतं हो. पण तपासणीवाले येऊन गेले. पाया खचलाय म्हणतात. माझ्या हातात असतं तर..." काकांनी दोन्ही हात पसरले. खिडकीत ही लकब हमखास लागू पडायची.

मिस्त्री थोडा वेळ भिंतीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही माझं इतकं केलंत काका, तुम्हाला त्रास होऊ देणार नाही. संध्याकाळपर्यंत मोकळं करून देतो."

काकांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तडक बाजार गाठला. दुरुस्तीला टाकलेलं व्हायोलिन घेतलं, खोलीसाठी एक नवंकोरं कुलूपही घेतलं, आणि दिवेलागणीच्या आत शीळ घालत घरी आले.

"किती हो उजेड आला स्वयंपाकघरात!" काकू दारातच म्हणाल्या. "ती खोली उजेड अडवते म्हणून कधीची कानीकपाळी ओरडत होते. पण तुम्ही मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं."

काकांनी खिडकीतून परसात पाहिलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. खोली नव्हतीच. विटांची नीट रास रचलेली, पत्रे एकावर एक ठेवलेले, दार कुंपणाला टेकवलेलं. मधोमध खाटेवर मिस्त्री घाम पुसत बसलेले.

"मिस्त्री! हे काय केलंत?"

"शब्द दिला होता ना, मोकळं करून देतो म्हणून. दुसऱ्यांनी पाडली असती तर विटांचा भुगा केला असता. मी जोडीदारांना बोलावून एकेक वीट उतरवली. माझी आठवण समजा." मग त्यांनी आवाज चढवला. "पण काका, पाया उकरून बघितला. नुसता पोलाद आहे! कोण ते तपासणीवाले? नाव सांगा, चार शब्द सुनावून येतो."

"त्यांची बदली झाली," काका सवयीने म्हणाले.

"कोण तपासणीवाले?" काकूंनी मागून विचारलं. "मी तर दिवसभर घरातच असते. माझ्या नजरेला कोणी पडलं नाही ते!"

आयुष्यात पहिल्यांदाच काकांना कारण सुचेना. कुलूप खिशात सरकवून त्यांनी पेटी उघडली आणि व्हायोलिन दाखवलं. "मला वाजवायला जागा हवी होती," ते खाली बघत पुटपुटले. "तुम्हाला जा म्हणायचं जिवावर आलं."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अहो काका, मी सकाळी कामावर जातो तो संध्याकाळी येतो. खोली दिवसभर रिकामीच तर असायची! किल्ली मागायचीत."

काकूंना हसू आवरेना. काकाही ओशाळून हसले. मग काकूंनी फर्मान काढलं, की खोली पुन्हा उभी राहीपर्यंत मिस्त्रींची खाट पुढच्या खोलीत येईल. ती आली, काकांच्या आरामखुर्चीच्या जागी. स्टोव्हही मागोमाग आला. मिस्त्री आपलं काम सांभाळून उरल्या वेळात बांधकाम करायचे, त्यामुळे ते रमतगमत चाललं. घरात बोलायला तिसरं माणूस आलं, आणि काकांना त्याचं बरंच वाटू लागलं होतं.

एका सुट्टीच्या सकाळी काका परसात गेले, तर दोरी लावून दोन चौकोन आखलेले.

"दोन कशाला?"

"एक तुमची, एक माझी. काकूंनीच सांगितलंय."

काकांनी 'नियमात बसत नाही' असं म्हणायला तोंड उघडलं, खिडकीतल्या काकूंकडे पाहिलं, आणि मिटलं. मग त्यांचं लक्ष मधल्या भिंतीच्या आखणीकडे गेलं. बाकीच्या भिंतींच्या दुप्पट तिची जाडी.

"मिस्त्री, काल ही देवळात गेली होती तेव्हा मी जरा वाजवलं. तुम्ही खाटेवर पडला होतात ना? कसं वाटलं?"

मिस्त्रींनी ओळंबा खाली ठेवला.

"काय सांगू काका, पाया खचलाय ना इथला," ते दोन्ही हात पसरून म्हणाले. "मधली भिंत जाडच घ्यावी लागते. माझ्या हातात असतं तर..."

काका हळहळले आणि वर मिस्त्रींचे आभार मानून घरात गेले.