बखर अर्ध्या चावीची व काचमहाल धुतल्याची

श्रीवरुण प्रसन्न. टाकी भरलेली असो, नळीस पीळ न पडो, ऐकणारास उदंड आयुष्य असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन वद्य पक्षी एका राज्यात काचमहाल धुतला, त्याची हकीकत लिहावयाची आज्ञा जाहली, ती सेवेसी सादर. राज्याचे नाव पुसू नये. सांगितल्यास तेथील लोक भांडावयास येतील, आणि आमचे अंगी आता पळावयाचे बळ नाही. तर त्या राज्यी थोरल्या महाराजांनी पाच मजली महाल बांधिला, आणि भिंती घालावयाच्या तेथे सगळ्या काचाच घातल्या, आणि मग वर्षाचे आत उमगले की काचेस धूळ बसते, आणि कबुतरेही बसतात, आणि बसून जे करावयाचे ते करितात. म्हणोन दर दिवाळीस महाल पुसावा ऐसा रिवाज पडला, आणि त्याचा मक्ता टेमघरे घराण्याकडे चालत आला.

घराण्याचे मुख्य रायाजीबावा टेमघरे, दोराचे सरदार. गच्चीवरून दोर सोडावा, कमरेस बांधून खाली उतरावे, एक हाती रबरी पट्टीचा वायपर धरावा, आणि काच पुसून जाहली की खांद्यावरचे उपरणे तिजवर एकवार फिरवावे. यास 'शेवटचा हात' म्हणत. शेवटचा हात फिरला नाही तर ती काच पुसली ऐसे धरावयाचेच नाही. बावांनी पुसलेल्या काचेवर चिमण्या येऊन आपटत, आणि बावा दोरावर लोंबत त्यांची क्षमा मागत. बावांचे चिरंजीव हैबतराव, अंगाने धिप्पाड आणि आवाजाने त्याहून धिप्पाड. हैबतरावांची स्त्री गोदूबाई, अंगाने किरकोळ, परंतु घरात शेवटी चालावयाचे ते तिचेच, हे एका हैबतरावांखेरीज सर्वांस ठाऊक होते.

त्यास, मागील साली ऐसे जाहले की दोराची गाठ सरकली आणि हैबतराव तिसरे मजल्यावर उलटे लोंबकळले, ते नेमके महाराजांच्या आत्यासाहेबांच्या न्हाणीच्या खिडकीपुढे. आत्यासाहेबांनी किंकाळी फोडिली आणि तांब्या फेकिला, आणि तो काचेवरच आपटला, म्हणोन डोके वाचले. लोकांनी हैबतरावांस वर ओढून घेतले, आणि मग महिनाभर सारे नगर पोट धरधरून हसले. गोदूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्याच दिवशी घरी येऊन चुलीपुढे बसल्या, आणि चूल काही पेटविली नाही. हैबतराव म्हणाले, "अगं, झालं गेलं. मी धडधाकट आहे की!"

बाई बोलिल्या, "लोक हसतात ते हसू देत. मी खाली उभी होते. मला गाठ सुटताना दिसत होती, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. पुन्हा त्या दोरावर तुम्हांला जाऊ द्यायची नाही."

"मग खायचं काय? काचा?"

"त्याचं मी बघते," ऐसे बोलून बाई उठल्या, आणि दुसरे दिवशी माहेरी बंदराचे शहरी गेल्या, जेथे काचेच्या इमारती ताडामाडांहून उंच, आणि तेथून आठ दिवसांनी टेम्पोत एक नवलाचे शस्त्र घालून परत आल्या. एकात एक शिरणारी लांबलचक काठी, तिचे टोकास ब्रश, ब्रशास बारीक भोके, आणि तेथवर पाणी नेणारी नळी. खाली टाकी, टाकीस पंप, पंपापुढे गाळणी. बोरिंगच्या पाण्यात क्षार, तो काचेवर वाळला की पांढरे ठिपके पडतात. या गाळणीतून पाणी सावकाश गेले की क्षार आतच राहतो, आणि ऐसे पाणी वाळले तर मागे काहीच राहत नाही. म्हणोन काच धुवावी, ओलीच सोडावी, आणि चालते व्हावे. पुसावयाचे कामच नाही.

हे ऐकोन रायाजीबावांच्या तळपायाची आग मस्तकी गेली. म्हणाले, "ओली सोडायची? अंघोळ घातलेलं पोरही ओलंच सोडता काय? आणि जमिनीवर उभं राहून काच धुवायची, तर त्याला काच पुसणं म्हणत नाहीत, अंगण झाडणं म्हणतात!" आणि त्या दिवसापासोन सुनेशी बोलणे टाकिले. भाकरी हवी तर पाटास सांगत की वाढ म्हणावे.

मग वाद दरबारी गेला. महाराज रसिक, त्यांस नवे ते हवे, आणि बावांस दुखवावयाचेही नव्हते. सबब हुकूम जाहला की यंदा महाल काठीने धुवावा, आणि पाडव्याचे सकाळी दरबार भरेल तेव्हा पाहावे. सर्व काचा निर्मळ निघाल्या तर मक्ता काठीचा. एक जरी डागी निघाली तर पुन्हा दोर, आणि हैबतरावांनी बापाचे आज्ञेत गच्चीवरून उतरावे. यंदा विहिरी आटल्या, म्हणोन सरकारातून रोज एकच टँकर मिळेल, वरचढ लागल्यास मक्तेदारांचे मोबदल्यातून कापून घेतला जाईल. आणि परीक्षक कोण, तर खुद्द रायाजीबावा. यापरता कडक परीक्षक त्रिभुवनी मिळता ना. गोदूबाईंनी हुकूम ऐकिला, आणि त्यांचे डोळ्यांपुढे गच्चीवरचा दोर आला.

पहिले दिवशी हैबतराव काठी घेऊन महालापुढे ऐसे उभे राहिले जैसे किल्लाच घ्यावयाचा आहे. नगरातील रिकामी मंडळी तमाशास जमली. बाईंनी नळाची चावी अर्धीच फिरविली, आणि ब्रशातून बारीक धारा निघाल्या, आणि गर्दीतून कोणी ओरडिला, "हैबतराव, महाल धुताय की तुळशीला पाणी घालताय?" झाले! हैबतराव गर्जले, "सोड पाणी! पुरं सोड!" बाई म्हणाल्या, "अहो, अर्धंच बरं आहे." परंतु स्वारी तापली होती. काठी बगलेत मारून स्वतः आले आणि चावी पुरती उघडून गेले. मग काय वर्णावे! पाण्याचा लोट उठला, लोकांनी टाळ्या पिटल्या, हैबतरावांस मूठभर मांस चढले, आणि एका खिडकीवरून दुसरीवर काठी नेतानाही धार तशीच चालू, त्यामुळे निम्मे पाणी भिंतीवर आणि निम्मे प्रेक्षकांवर. सरकारी घोडे चिखलात घसरले, कारभाऱ्यांचा नवा जोडा वाहून गेला. दोन प्रहरी टँकर आटला आणि दुसरा आणविला, तो मोबदल्यातून वजा जाहला. आणि सायंकाळी जो एक मजला धुतला होता तो वाळला, तेव्हा त्यावर देवी आल्यासारखे पांढरे ठिपके उठले. पाणी धावत गेले, गाळणीस ते गाळावयाची उसंतच मिळाली नाही. बावा लांबून पाहात होते, ते नुसते खाकरले. त्या खाकरण्याने हैबतराव अर्धे जाहले.

घरी येऊन हैबतराव खाली मान घालून बसले. म्हणाले, "चुकलं माझं. लोकांनी हसू नये म्हणून केलं, आणि आता लोक खदखदून हसतायत." बाई म्हणाल्या, "लोकांचं राहू द्या. एक सांगा, उद्या चावी कोणाच्या हातात?" आणि तेथेच तह जाहला की काठी हैबतरावांची, चावी बाईंची, आणि चावीपाशी हैबतरावांनी फिरकू नये. मग दुसरे दिवसापासोन कामास रंग चढला. घासताना अर्धी चावी, वरून धुवून काढतानाही अर्धीच, आणि काठी पुढील खिडकीवर नेताना बंद. हैबतराव "सोड" म्हणत, "आवर" म्हणत, आणि पुढे पुढे म्हणावयाचीही गरज उरली नाही, बाई त्यांचे खांदे पाहूनच चावी फिरवीत. टँकर दिवसभर पुरोन उरू लागला, गाळणी निवांत चालली, ठिपक्यांचा मजला पुन्हा धुवून निघाला, आणि एका दिवसात इतक्या काचा होत की दोरावर दोघे उतरते तरी न होत्या. हे पाहून नगरशेठ येऊन पुसू लागले, की आमचे हवेलीचे काय घ्याल? पेशकारही आले. बाई म्हणाल्या, "पाडवा होऊ द्या, मग बोलू." त्यांचा जीव अजोन दोराशी टांगलेला होता.

लक्ष्मीपूजनाचे दिवशी दिवस कलता काम आटोपले. शेवटली काच तळमजल्यावरील दरबारी खिडकीची, सिंहासनासमोरची. ती धुवून ओलीच सोडिली, आणि हैबतराव टँकर परत करावयास गेले, आणि बाई नळी गुंडाळू लागल्या. इतक्यात रायाजीबावा परीक्षेस आले. हात मागे बांधून, मान वर करून, पाचही मजले पाहिले. मग दरबारी खिडकीपाशी उभे राहिले. तेथे नेमका डोळ्यांसमोर एक थेंब काचेवरून ओघळत होता. बावांनी त्यास पाहिले. त्या हातास चाळीस वर्षांची खोड. बाईंनी मान वर करीतो उपरणे खांद्यावरून निघून काचेवरून फिरलेही होते, आणि ते कामाचे धुवट उपरणे नव्हे, रोजचे अंगावरचे, बावांचे डोईचे खोबरेल मुरलेले.

बाईंचे तोंडातून शब्द निघणार तो बावाच वळून म्हणाले, "सूनबाई, एवढी एक राहिली होती, मी शेवटचा हात दिला हो. दमलात तुम्ही, दिसतं मला. पाणी प्या आता, बसा जरा."

वर्षानंतर हा पहिला शब्द. टाकीच्या तळाशी एक काच धुण्याजोगे पाणी होते. परंतु त्यांचे देखत ती काच पुन्हा धुवावी, म्हणजे म्हाताऱ्याचे थोबाडीत मारण्यासारखेच. बाईंनी विचार केला, मामंजी घरी गेले की धुवू. तो मामंजी त्याच खिडकीखाली पायरीवर ऐसपैस बसले, आणि सुपारी कातरीत गतकाळच्या दोरांच्या गोष्टी सांगू लागले, आणि सुनेस सुपारीही दिली. पूजेची वेळ जाहली, महालाचे दरवाजे लागले, आणि पाणी टाकीतच राहिले. हैबतरावांस बाईंनी काही सांगितले नाही.

पाडव्याचे सकाळी दरबार भरला. ऊन आले आणि महाल ऐसा लखलखला की काच आहे की नाही हेच कळेना. फक्त सिंहासनासमोर एक काच धुरकट, तिजवर तेलकट फराटे, ऊन पडताच सर्वांचे डोळ्यांत भरले. कारभारी, ज्यांचा जोडा वाहून गेला होता, ते लगबगीने म्हणाले, "महाराज, डाग!" महाराजांनी पुसिले, "ही काच कोणाची?" हैबतराव भांबावून स्त्रीकडे पाहू लागले, कारण आपण धुतली तेव्हा ती निर्मळ होती हे त्यांस पक्के ठाऊक. बाईंनी सासऱ्यांकडे पाहिले. बावांचे डोळ्यांवर समोरचे ऊन, त्यांस इतक्या दुरून काहीच दिसत नव्हते, ते नुसतेच कपाळाला आठ्या घालून उभे. एक शब्द बोलिल्या असत्या तर नवरा जमिनीवर राहिला असता. पदर सावरून म्हणाल्या, "माझी चूक, महाराज. चावी माझ्या हातात होती."

महाराजांस वाईट वाटले. परंतु शब्द तो शब्द. म्हणाले, "मग गच्चीवर दोर चढवा." तेव्हा परीक्षक या नात्याने बावा पुढे जाहले, आणि काचेस नाक लावून पाहिले, आणि तसेच राहिले. वरून डावीकडे, मग खाली येऊन उजवीकडे वळसा. तो वळसा जगात एकाच हाताचा. बावा मागे फिरले आणि ऐसे कडाडले की पहारेकऱ्याचे हातून भाला पडला.

"सूनबाई, खोटं का बोललात? ती काच माझी आहे!"

"मामंजी, राहू द्या ना."

"राहू द्या काय? चाळीस वर्षांत माझ्या काचेचा जाब दुसऱ्या कोणी दिलेला नाही, आणि आता तुम्ही देणार? महाराज, परीक्षक म्हणून सांगतो. काठीनं धुतलेली झाडून सगळी काच निर्मळ आहे. डाग आहे तो माझ्या शेवटच्या हाताचा." इतके बोलिले, आणि पुढे बावांचा आवाज फुटला, आणि दरबार खाली पाहू लागला.

महाराज हळूच म्हणाले, "बावा, तुमची काच आहे, तर तुम्हीच धुवा." हैबतरावांनी काठी आणून बापाचे हाती दिली, बाई टाकीपाशी गेल्या, आणि बावांनी जन्मात प्रथम जमिनीवर उभे राहून पुसिले, "सूनबाई, किती सोडता?" "अर्धं, मामंजी." "सोडा." मग बावांनी काच घासली, फराटे गेले, वरून धुवून काढिली, आणि म्हणाले, "आवरा." काच ओली उभी राहिली. थेंब ओघळू लागले. आणि बावांचा उजवा हात आपसूक खांद्याकडे निघाला. बाईंनी चावी मुठीत आवळली. हात उपरण्यापर्यंत पोहोचला, तो डाव्या हाताने त्याचे मनगट धरिले, आणि खाली ओढिले, आणि पाठीमागे नेऊन घट्ट दाबून ठेविले. आणि काच वाळेतो बावा तसेच उभे राहिले, एका हाताने दुसऱ्यास कैद करून, ओठ दाबून, घाम निथळत. महाराजही उभे राहिले, म्हणोन साऱ्यांस उभे राहावे लागले. काच वाळली. बावांनी नाक लावून पाहिले. मागे काहीच राहिले नव्हते. मग बावा म्हणाले, "दोर गच्चीवरून उतरवा," आणि गोदूबाई टाकीस टेकून भर दरबारात हमसाहमशी रडल्या.

येणेप्रमाणे काचमहाल धुतला. मक्ता काठीचा जाहला, नगरशेठांच्या व पेशकारांच्या हवेलीचेही काम मिळाले, पाणी निम्मे लागू लागले आणि मिळकत दुपटीने वाढली. किती, हे गोदूबाईंस पुसावे, तर त्या आकडा सांगत नाहीत. माणूस जमिनीवर आहे, इतकेच सांगतात. ऐकिले ते लिहिले, अधिक उणे असल्यास ऐकणारांनी पदरात घ्यावे.