कोणी नसल्याचे साक्षीदार

"आजोबा, तुम्हाला कोणी नाही, हे शपथेवर सांगणारे दोन ओळखीचे आणा. मग निराधारांची पेन्शन," खिडकीतला कारकून म्हणाला.

"ओळखीचे असते, तर कोणी नाही असं म्हटलं असतं का?"

"नियम आहे."

खिडकीबाहेरच्या या लिफ्टवाल्याने उभा जन्म लोकांना वर पोचवण्यात घालवला. स्वतः मात्र तळमजल्यावरच राहिला. बटणाची लिफ्ट आली आणि कंत्राटदाराने हात झटकले. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं.

खूप डोकं खाजवून त्याने दोन माणसं शोधली. एक त्याचा न्हावी. दुसरे, वरच्या मजल्यावरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले साहेब. साहेब एका शब्दात तयार झाले. कडक इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधीच हजर! त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी कुठे बोलावलंच नव्हतं.

"यांना ओळखता?" कारकुनाने विचारलं.

"म्हणजे काय! रोजचा संबंध."

"नाव सांगा."

साहेबांनी छताकडे पाहिलं. "आम्ही त्यांना... लिफ्टच म्हणायचो."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. आता सगळं मुसळ केरात जाणार, हे पाहून न्हावी पुढे सरसावला.

"मी सांगतो ना! काका आमच्या घरातलेच. आजारी पडले की डबा माझ्याकडून. काही म्हणजे काही कमी पडू देत नाही मी!"

लिफ्टवाला बघतच राहिला. या गृहस्थाने आजवर फुकट कंगवासुद्धा फिरवला नव्हता.

"वा! म्हणजे सांभाळणारं माणूस आहे," म्हणत कारकुनाने शिक्का उमटवला: नामंजूर.

"करायला गेलो एक..." असं पुटपुटत न्हाव्याने दुकानाकडे धूम ठोकली. उरलेले दोघे बसथांब्यावर येऊन बसले.

"साहेब, तुमच्या पेन्शनला किती साक्षीदार लागले हो?"

"एकही नाही. घरबसल्या जमा होते." साहेबांनी खिशातला फोन चाचपला. "लागले असते, तर कुठून आणले असते, देव जाणे. मुलगा फोन उचलत नाही."

"मी आलो असतो की."

"खरंच?"

"हो. पण मग कारकून म्हणाला असता, यांना माणूस आहे. तुमचीही पेन्शन बुडाली असती!"

साहेब हसले, इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुसणं जरा लांबलंच. मग घसा साफ करून म्हणाले, "अपील करू. ती भाषा मला येते."

बस आली. दोघांचीही तीच होती. कोणीच उठलं नाही.