लिंबाजीदादा आणि तिसरा बेंड

आमचे लिंबाजीदादा वायरमन कुणाच्या घरी कामाला गेले की आधी घरातल्या माणसांशी बोलत नाहीत. चपला काढतात, टोपी खिशात घालतात आणि भिंतीला कान लावतात. मग बोटाच्या पेरानं टकटक करत दारापासून कोपऱ्यापर्यंत जातात आणि मध्येच थांबून भिंतीला विचारतात, "कुठं दुखतंय?" घरच्यांना वाटतं, आपण भलत्याच माणसाला बोलावलं.

माझं कडा गावच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. बाकीचे वायरमन माझ्याकडे छिन्नी मागतात, हातोडी मागतात. लिंबाजीदादांना हवी असते अंगाला लावायची पावडर, पतंगाचा दोरा, सायकलचा पंप आणि जुन्या गादीतला मूठभर स्पंज. मी एकदा वैतागून म्हणालो, "दादा, तुम्ही वायरमन आहात का जादूगार?"

"भिंत फोडून वायर कुनीबी टाकतंय, शेठ," ते म्हणाले. "न फोडता टाकाया आलं पायजे."

पक्क्या घरात वायरी भिंतीतल्या आणि स्लॅबमधल्या पाइपातून जातात. पाइप जिथं वळतो, तो बेंड. दादांच्या लेखी हे बेंड म्हणजे पाव्हणे. पहिला बेंड मेव्हणा, चहा पाजला की ऐकतो. दुसरा व्याही, त्याला मान द्यावा लागतो. तिसरा जावई. "जावयाला हिसका न्हाई द्यायचा," ते बजावतात. "वायर तिच्या मनानं आली पायजे." वायर पाइपातून बाहेर पडेपर्यंत ते पाण्याचा घोटही घेत नाहीत. आष्टीच्या एका लग्नघरी त्यांनी नवरदेवाला हळद लावायची थांबवली होती, कारण हळदीचा पाट नेमका त्यांच्या शिडीखाली आला होता.

ह्या माणसाची खरी परीक्षा झाली ती सोजरमावशीच्या घरात. सोजरमावशी दादांच्या समोरच्याच घरात राहते. तिचा मुलगा अंकुश आणि सून मीरा दरवर्षी ऊसतोडीला जातात. सात-आठ हंगाम राबून त्यांनी दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. मागच्या खोलीच्या भिंतींना मीरानं स्वतः निवडून फरश्या लावल्या, मोरपंखी रंगाच्या, खालपासून छातीच्या उंचीपर्यंत. सगळं झालं आणि लाइट घ्यायच्या वेळी कळलं की पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जाणारा पाइप बंद आहे. स्लॅब टाकताना त्यात सिमेंट गेलं होतं.

आधीच्या वायरमननं सांगितलं, "फरश्या काढा, भिंत फोडा." त्या रंगाच्या फरश्या आता कुठंच मिळत नव्हत्या. टोळीची गाडी दोन दिवसांनी निघणार होती आणि म्हातारी घरात एकटी राहणार होती. मीरा दुकानात येऊन म्हणाली, "भाऊ, फरश्या गेल्या तर जाऊ द्या. पर अत्याबाईला अंधारात ठिवून माझं पाऊल निघायचं न्हाई."

मी दादांना निरोप दिला. माझं धूळ ओढायचं मशीन त्यांनी मागवलं, म्हणून मलाही जावं लागलं.

दादांनी भिंतीला कान लावला. सोजरमावशी खाटेवरून बघत होती. "लिंबा, भित सांगती का काही?"

"सांगती की. थोडी लाजती."

त्यांनी पुढच्या खोलीतून पाइपात पोलादी पट्टी घातली. अडली तिथं पट्टीला दोऱ्याची गाठ मारली. मग मागच्या खोलीतून दुसरी पट्टी घातली, तिलाही गाठ मारली. दोन्ही पट्ट्या अंगणात आडव्या टाकून मोजल्या, पाइपाच्या एकूण लांबीतून वजा केल्या आणि म्हणाले, "एका वितीचं सिमेंट हाय. तिसऱ्या बेंडाच्या अल्याड."

"म्हणजे जावयाच्या दारात," मी म्हणालो. ते हसले नाहीत. कामात ते हसत नाहीत.

मग त्यांनी जाड तारेला पीळ दिला, टोकाला वाकडी चोच काढली आणि ती तार पाइपात घालून हातानं फिरवायला लागले. गरगर नाही, जात्यासारखी सावकाश. पहिला दिवस त्यातच गेला. थोडी भुकटी निघायची, पंपानं फुंकायची, पुन्हा तार. अंकुश तीनदा म्हणाला, "दादा, फोडूच या." तिसऱ्यांदा दादांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. अंकुश बाहेर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंपाची हवा पलीकडे निघाली. मागच्या खोलीत मीराच्या तोंडावर सगळी भुकटी उडाली आणि ती डोळे मिटून हसत सुटली. दादांनी स्पंजाच्या बोळ्याला पतंगाचा दोरा बांधून पाइपाच्या तोंडात ठेवला. मी पलीकडून धुळीचं मशीन लावलं. दोरा सुळकन आत गेला आणि माझ्या मशीनच्या नळीत येऊन अडकला. दोऱ्याला सुतळी, सुतळीला वायरी. वायरींची टोकं त्यांनी एकाखाली एक, पायरीनं बांधली, वरून चिकटपट्टी गुंडाळून उंदराच्या शेपटीसारखी निमुळती केली आणि पावडरीचा अख्खा डबा त्यावर रिकामा केला.

"घ्या," ते पुढच्या खोलीतून म्हणायचे. "आली," मी मागून म्हणायचो. तिसऱ्या बेंडावर वायर थांबली. मी जोर लावणार, तेवढ्यात आवाज आला, "शेठ, हिसका न्हाई." आम्ही दोघं थांबलो. त्यांनी वायर बोटभर मागं घेतली, पुन्हा दिली. आणि ती आली.

दिवा लागला तेव्हा मीरा फरशीवरून हात फिरवत उभी होती. एकही फुटली नव्हती. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला वायर देताना मी सांगतो, त्या घराची वायर मी ओढली आहे. लिंबाजीदादांचं नाव नंतर घेतो.

टोळी गेली. पंधरा-वीस दिवसांनी एका कामासाठी मी दादांच्या घरी गेलो. त्यांची बायको वारून सहा वर्षं झाली, मुलगी पुण्याला असते. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात भिंतीवरची एक छोटी बेल वाजली. दादा वाक्य अर्धं सोडून उठले आणि बोळ ओलांडून निघाले. मी घाबरून मागोमाग धावलो.

"मावशीच्या खाटेला बटन बसवलंय," ते चालता चालता म्हणाले. "सेलवर चालतंय. लाइट गेली तरी वाजंल. एकटी बाई हाय, पडली-झडली तर?"

सोजरमावशी पडली नव्हती. चुलीपुढं बसून भाकरी भाजत होती. शेजारी दोन ताटं वाढलेली होती. दादा हात धुवायला बाहेर गेले, तशी ती माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "दोन टायमाला वाजवती म्या. न्हाई वाजवली तर चहावरच ऱ्हातोय. त्याला वाटतंय, बेल माझ्यासाठी हाय. वाटू द्या."

दादा हात पुसत आत आले. "मावशे, बरं हाय ना?"

"कंबर दुखती जरा," ती म्हणाली. "बस."