पाळण्यातला वास

"समुद्राचा वास कसा असते वो?" अकोल्याचे अत्तरवाले अन्सारभाई सकाळपासून दुकानात येईल त्याला हेच विचारत होते. ज्याने समुद्र पाहिला होता त्याला वास आठवत नव्हता, आणि ज्याला वास पक्का माहीत होता तो पातूरच्या पलीकडे कधी गेला नव्हता.

हा घोळ बार्शीटाकळीच्या नत्थुजींचा. पन्नास वर्षांपूर्वी, नव्या लग्नात, ते मैनाबाईंना मुंबईला घेऊन गेले होते आणि समुद्राकाठच्या एका बागेत दोघं उंच पाळण्यात बसले होते. ती बाग केव्हाच मोडली. पण परवा मैनाबाई बोलून गेल्या, "त्या पाळन्यातला वास काई मी भुलली नाई." झालं! रविवारी लग्नाला पन्नास वर्षं होणार होती, आणि नत्थुजींना तो वास बाटलीत हवा होता.

"जमन ना, अन्सारभाई?"

"तीन पिढ्यायचं दुकान हाये. जमलंच समजा!" अन्सारभाई बोलून बसले. आता जमलं नाही, तर तीन पिढ्यांचं नाक एकदमच कापलं जाणार होतं.

खारं पाणी, मासोळ्या, पाळण्याचं ग्रीस, भाजलेल्या शेंगा, असं नत्थुजींनी आठवून आठवून सांगितलं. अन्सारभाईंनी बाजारातून सुकट आणली, जत्रेतल्या पाळणेवाल्याकडून ग्रीस मागून घेतलं, शेंगा मुद्दाम करपवल्या आणि सगळं मिठासकट चंदनाच्या तेलात घालून गच्चीवर उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली सगळी मांजरं गच्चीवर हजर होती.

"घरात काय मेलं म्हून शेजारीन विचारून राहिली," त्यांची बायको कुलसुमबी नाकाला पदर लावून म्हणाल्या. "त्या मैनाबाईले तरी विचारलं का, कोनता वास?"

"त्यायले कावून विचारू? सरप्राइज हाये ना!"

रविवारी अन्सारभाई बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून निघाले. भरलेल्या ऑटोत त्यांना ऐसपैस जागा मिळाली. बार्शीटाकळीला पंगत बसली होती. नत्थुजींनी मोठ्या ऐटीत बूच काढलं आणि जवळची चार पानं तशीच सोडून पाहुणे उठले.

"अहो, हे काय?" मैनाबाई शिंकत म्हणाल्या. "उंदीर मेला का कुठं?"

"पाळन्यातला वास हाये तो! तूच तं म्हनली होती."

"मी? पाळना वर गेला तशी मी डोये मिटून तुमच्या खांद्यात तोंड खुपसलं. मले कुठचा आला समुद्र? तुमच्या कानात अत्तराचा फाया होता. तो वास!"

नत्थुजी आधी लाजले, मग अन्सारभाईंकडे पाहून गोंधळले. "तो फाया तं... यायच्या अब्बाच्या दुकानातला. हिना होता."

अन्सारभाईंनी बाटलीला बूच लावलं, आपल्या कानातला फाया काढला आणि नत्थुजींच्या कानात ठेवला. मैनाबाई जरा पुढे झुकल्या. भर मांडवात, सुनांसमोर, त्यांनी डोळे मिटले आणि नवऱ्याचं कोपर गच्च धरलं.

"हाच," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी कुलसुमबींनी दारातच विचारलं, "मंग? कयला का समुद्राचा वास कसा असते?"

अन्सारभाईंनी रिकाम्या कानाला हात लावला.

"हिन्यावानी," ते म्हणाले.